अकरावं पान

हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी लेकीच्या चार वर्षांपूर्वीच्या केसपेपरची चौदा पानांची प्रत नवरा-बायकोसमोर काउंटरवर ठेवली.

"प्रत्येक पानावर आई-वडील दोघांची छोटी सही करा. मग फाईल थेट तुमच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जाईल," बाई म्हणाल्या. "एखादं पान पाठवायचं नसेल, तर शेवटच्या फॉर्मवर त्याचा नंबर घाला. तेवढा हक्क आहे तुम्हाला."

लेकीला तीन महिन्यांपासून झटके येत होते. डोक्याला कधी मार लागला होता का, एवढा एकच घोशा नव्या डॉक्टरांनी लावला होता. "एकदा पलंगावरून पडली होती, गादीवर. ताईचं लक्ष चुकलं," नवऱ्यानं सांगून टाकलं होतं. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. तेव्हा ही शेजारी बसून पर्सची चेन उघडझाक करत राहिली.

गादीवरचं पडणं खरंच होतं, पण ते सकाळी. दुपारी ताई निघून गेल्यावर, मोबाईल कानाला लावून जिना उतरताना, बाळ हिच्याच हातून निसटलं आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या तेव्हा सगळ्यांनी सकाळचंच धरलं. ताईनंसुद्धा. रडून रडून माफी मागितली बिचारीनं, आणि त्यानंतर चार वर्षांत भाचीला एकदाही कडेवर घेतलं नाही. खरं काय ते हिनं फक्त ह्याच हॉस्पिटलातल्या नर्सला सांगितलं, नवरा औषधं आणायला गेला होता तेव्हा. नर्सनं ते जसंच्या तसं लिहून ठेवलं होतं. आत्ता प्रत चाळताना ती नोंद हिला अकराव्या पानावर दिसली होती.

नवऱ्याचं वाचनाशी वाकडं. कुरिअरच्या पावतीवर करावी तशी तो सही ठोकत चालला होता. सात. आठ. दहा. अकराव्या पानावर त्याचं पेन थांबलं.

"रिफील संपली वाटतं," तो म्हणाला. बाईंनी दुसरं पेन दिलं. सही झाली, पान उलटलं. तिच्या जिवात जीव आला.

पण किती वेळ? उद्या डॉक्टर ते पान वाचणार आणि ह्याच्यासमोरच विचारणार, जिन्यावरून पडली तेव्हा शुद्ध गेली होती का? शेवटचा फॉर्म समोर येताच तिनं तो ओढून घेतला आणि न पाठवायच्या पानांच्या रकान्यात अकरा लिहिलं. आकडा वेडावाकडा आला.

"अकरावर काय आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही रे. उगाच नको तो पसारा."

तेवढ्यात मागच्या बाकावरून खडूची डबी खाली पडली. तिथं बसलेली लेक चित्र काढता काढता थिजली होती. नजर कुठेच नव्हती, ओठाचा एक कोपरा फडफडत होता. ही धावली, लेकीला कुशीवर वळवून धरून बसली आणि मनातल्या मनात सेकंद मोजू लागली. चाळीसपर्यंत गेले. मग लेकीनं पापण्या हलवल्या आणि विचारलं, "आई, माझा निळा कुठे गेला?"

तिनं निळा खडू शोधून दिला. काउंटरपाशी आली, रकान्यातला आकडा खोडला, त्याच्याखाली सही केली. भीती काही कमी झाली नव्हती.

"अकरावं पान वाच," ती नवऱ्याला म्हणाली. "इथंच. माझ्यासमोर."

त्यानं वाचलं. मग परत वरपासून वाचलं. त्याच्या कानशिलाची शीर उडताना तिला दिसत होती. आता हा ओरडेल, आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. तो ओरडला नाही. पान गठ्ठ्यात नीट लावून त्यानं फाईल बाईंकडे सरकवली. मग खिशातून मोबाईल काढला, ताईचा नंबर लावला आणि रिंग वाजत असतानाच तो तिच्या हातात दिला.

"बोल," तो म्हणाला.