आनीबाईंची चिखलातली जागा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मला होडी म्हणू नका. होडीला फळ्या असतात, खिळे असतात, वरून रंग असतो. मी डोंगा आहे, एका अख्ख्या झाडाचा, आणि आता चांगलाच जुना झालो आहे.

हमरस्त्यावरच्या कोहमाऱ्याहून आत वळलं की आमचं तलावाचं गाव लागतं. त्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, आंब्याचं एक जाडजूड झाड होतं. एका वादळात ते आडवं झालं. साऱ्या गावानं त्यात सरपण पाहिलं, फक्त मासे धरणाऱ्या सेवकराम ढिवरानं त्यात मला पाहिलं. हातात वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, घेऊन तो दिवसचे दिवस ते खोड कोरत बसला. कोरताना दुखलं का, असं मुलं मला विचारतात. दुखलं असेल, आता आठवत नाही. आठवतं ते पहिल्यांदा पाण्यात उतरलो तेव्हाचं. मी एका अंगावर कलंडलो, सेवकराम धपकन पाण्यात पडला आणि काठावरची बायामाणसं पोट धरून हसली. माझं बारसं हे असं झालं.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं मासे वाहिले, शिंगाडे वाहिले. एकदा तर पुराच्या पाण्यातून बाळंतीण वाहून आणली. तेव्हा अख्खं गाव माझ्या नावानं बोललं. मी चार दिवस ताठ होतो, मग परत माशांचा वास लागला आणि ताठा गेला.

आमचा तलाव कोहळी लोकांनी बांधला, तलाव बांधणं हे त्यांचं पिढीजात काम. आमच्या गावचे दुधराम पाटील कोहळीच, त्यांच्या आज्याच्याही आज्यानं त्याची पाळ घातली म्हणतात. पाळीच्या पोटात तुडूम आहे. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताकडे सोडायचं दार. कार्तिक लागला की दुधराम पाटील ते उघडायचे. पाणी धानाला जायचं, तलाव हळूहळू मागे सरायचा आणि काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडायचा. त्या चिखलात देवधान, म्हणजे आपोआप येणारा रानभात, उगवायचं, गोगलगायी सापडायच्या, आणि ते खायला सारसाची जोडी यायची. माणसाएवढे उंच पक्षी ते! दोघं मान वर करून एका सुरात ओरडले की माझ्या लाकडातसुद्धा कंप उठायचा. आम्हाला त्यांचं फारसं अप्रूप नव्हतं. घरच्या माणसाचं असतं का?

पाटलांचा मुलगा गजेंद्र नागपूरला टॅक्सी चालवायचा. विमानतळावरून परदेशी पाहुणे घ्यायचे आणि वाघाच्या जंगलांत पोहोचवायचे, हे त्याचं काम. घरी यायचा तो पोळ्याला आणि दिवाळीला. त्याची बायको रीता गावातच सासू-सासऱ्यांजवळ. एका साली त्याच्या मनात आलं की हे पाहुणे दुसऱ्याच्या दारी सोडण्यापेक्षा आपल्याच दारी का आणू नयेत? त्यानं घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि नागपूर सोडलं. रीताला त्या खोल्यांचं एवढंच कौतुक होतं की त्यांच्यामुळे नवरा घरी आला होता. ती त्या खोल्या रोज सारवल्यासारख्या स्वच्छ ठेवायची. खोल्या चालल्या तर गजेंद्र राहील, नाहीतर जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या जानेवारीत आनीबाई आल्या. हॉलंडच्या, साठी उलटलेल्या, उंच, उन्हानं लाल झालेल्या. खरं नाव लांबलचक होतं, गावानं ते तोडून आनी केलं. सेवकरामनं त्यांना माझ्यात बसवून चिखलाच्या पट्ट्यापर्यंत नेलं. बाई खाली उतरल्या, सरळ चिखलात गुडघे टेकून बसल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. सारसाची जोडी हाकेच्या अंतरावर चरत होती. बाईंच्या गालांवरून पाणी यायला लागलं.

"काही चावलं काय हो बाईले?" सेवकरामनं घाबरून विचारलं.

काही चावलं नव्हतं. बाई सुखानं रडत होत्या. पुढचे सहा दिवस त्या रोज त्याच जागी येऊन बसल्या. घरी गेल्यावर त्यांनी मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी आणखी कुणाला, आणि आमच्याकडे गोरे पाय येऊ लागले.

मी महिने कॅलेंडरवरून ओळखत नाही, अंगावर बसणाऱ्यांवरून ओळखतो. नोव्हेंबरात एखाददुसरा यायचा, तोही वाट चुकल्यासारखा. डिसेंबरात नाताळच्या सुट्ट्यांमुळे झुंबड उडायची. पण ही मंडळी सकाळी येऊन दुपारी निघायची. फोटो काढायची, नागपूरहून आणलेलं पाणी प्यायची आणि गावाला रिकाम्या बाटल्या देऊन जायची. जानेवारी-फेब्रुवारीत माणसं थोडी यायची, पण मुक्कामाला. रीताच्या हातचं जेवायची, चिन्नोर तांदूळ बांधून न्यायची, सेवकरामच्या मुलीनं विणलेल्या टोपल्या मागून घ्यायची. गावात चार पैसे राहायचे ते याच पाहुण्यांचे. मार्चात ऊन तापलं की वाघ पाहायला जाणारे तेवढे चहाला थांबायचे. पावसाळ्यात जंगल बंद, आमच्याकडेही शुकशुकाट.

हे मला कळत होतं, पण डोंग्याला विचारतो कोण? गजेंद्र डिसेंबरच्या गर्दीवर भाळला होता. रोज सकाळी ओसरीवर बसून तो मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचायचा. "बाबा, गेल्या महिन्यात देशात परदेशी पाहुने वाढले. त्यायचा खर्चही वाढला म्हन्ते."

"देशात वाढले तं देश जेवू घालन," दुधराम पाटील म्हणायचे. "आपल्या घरी कोन आला ते सांग."

गजेंद्र चिडायचा. "म्हनूनच म्हनतो, गर्दी आली पायजे. या साली जमलं तं जमलं, नाही तं मी परत नागपूरले."

आत भाकरी थापणारा रीताचा हात थांबायचा.

असे दोन हंगाम गेल्यावर दसऱ्याला गजेंद्रनं लाल रंगाची मोठी होडी आणली. फायबरची. दहा माणसं बसतील अशी. तिच्यात केशरी जाकिटं होती, बाकांवर गाद्या होत्या. सेवकरामला रोजंदारीनं तिच्यावर घेतलं. आणि मला? मला काठावरच्या करंजाखाली पालथं घातलं. जाताना सेवकरामनं माझ्या पाठीवर थाप मारली, पण थापेनं पोट भरत नाही.

लाल होडीला पाणी खोल लागतं. चिखलात ती फसली असती. मग गजेंद्रनं वडिलांजवळ विषय काढला की यंदा तुडूम उघडूच नका. त्या साली पाऊस उशिरापर्यंत पडत राहिला होता, धानाला पाण्याची गरज नव्हती. कुणी मागत नसताना पाणी सोडायचं कशाला? आणि खरं सांगू का, भरलेला तलाव पाहिला की कोहळी माणसाची छाती आपोआप रुंद होते. आपल्या वाडवडलांचा तलाव पौषातही काठोकाठ आहे, याहून मोठी शोभा त्याला कशात दिसत नाही. पाटलांनी तुडूम बंदच ठेवलं. रोज संध्याकाळी ते पाळीवरून चालायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तलाव दाखवायचे. दाखवायला हौसही होती, वावगं काही केलं असंही त्यांना वाटलं नाही.

डिसेंबरात लाल होडी भरभरून फिरली. गजेंद्रच्या चेहऱ्यावर तेज आलं. मी करंजाखालून पाहत होतो. पाठीवर वाळकी पानं पडत होती, ऊन लागून अंगाला भेगा पडत होत्या. हेवा वाटला, का लपवू?

जानेवारीत आनीबाई नेहमीसारख्या आल्या, या वेळी दोन मैत्रिणी घेऊन. चांगला आठवड्याचा मुक्काम ठरला होता. पहिल्या सकाळी लाल होडीनं तलावाला पुरती चक्कर मारली. दुसऱ्या सकाळी पुन्हा. बाई दुर्बीण लावत होत्या आणि खाली ठेवत होत्या. सारस नव्हते. चिखलात तुरुतुरु धावणारे इवले तुतवार पक्षी नव्हते. होतं ते नुसतं पाणी.

"बहुत पानी," बाई रीताला हळूच म्हणाल्या. "बर्ड नहीं."

तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या. रागावल्या नाहीत, रीताला मिठी मारली, हिशेब पुरा केला आणि कान्हाच्या जंगलाकडे गेल्या. रीतानं त्यांच्यासाठी भिजवलेली डाळ तशीच राहिली. पुढच्या आठवड्यांत ज्यांनी मुक्काम ठरवले होते त्यांनीही एकेक करून नाही कळवलं. पाहुण्यांची कुजबुज एकमेकांना लवकर कळते. देशाचा आकडा त्या महिन्यात वर गेला असेल तर गेला असेल, आमच्या ओसरीवर चपलांचा एक जोड वाढला नाही.

गजेंद्रनं बॅग भरली. "टॅक्सी अजून आहे मालकाकडे," एवढंच बोलला आणि कोहमाऱ्याहून बस धरून गेला.

त्या दिवशी दुपारी रीता तलावावर आली आणि माझ्या पालथ्या पाठीवर बसली. घरात रडायची सोय नसलेल्या बाईनं कुठं जावं? ती रडली, मी तिचा भार धरून राहिलो. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या भेगांचं काही वाटलं नाही, तिचंच वाटलं.

थोड्या वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले आणि पाहिलं तर पाणी तिच्या पायांशी आलेलं. ती तशीच पाहत राहिली. मग लाल होडीतलं पाणी उपसणाऱ्या सेवकरामला तिनं हाक मारली.

"सेवकरामभाऊ, आनीबाई मांगच्या साली चिखलात बसत ते जागा कोनती?"

"ते काय, थ्या तिकडं." सेवकरामनं तलावात आत बोट दाखवलं आणि बोट तसंच राहिलं. "ते तं पान्याखाली हाय ना, बाई."

"आन् सारस कुठं बसत?"

"थ्यायचीही जागा तेच."

रीता उठली ती तडक घरी गेली. पुढचं मला सेवकरामनं सांगितलं, कारण तो तिच्या मागोमाग गेला होता. सासऱ्यांसमोर ती कधी वर मान करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामाजी, तुडूम उघडा."

पाटील दचकले. "काऊन? पानी कोनाले पायजे?"

"काठाले पायजे. काठ बुडला म्हनून पाखरं गेले, पाखरं गेले म्हनून पाहुने गेले, आन् पाहुने गेले म्हनून तुमचा लेक गेला."

"भरला तलाव रिता करू? लोक काय म्हनतीन?"

"तुमच्या आज्याच्या आज्यानं तुडूम कायले बसवलं, मामाजी? बंद ठेवाले का उघडाले?"

पाटील उठले. मग खुंटीवरचा दुपट्टा घेतला आणि पाळीवर आले. खालच्या टोल्यावरच्या वस्तीला उन्हाळी धानासाठी आता पाणी लागणारच होतं. तुडूम उघडलं. पाणी घुमत निघालं. आपली शोभा आपल्याच हातानं सोडून देणं सोपं नसतं, त्यांच्यासाठी माझा जीव तुटला.

तलाव एका दिवसात उतरत नाही. रीता रोज येऊन पाहायची. आधी काळी ओल दिसली, मग चिखल, मग चिखलावर बगळे. सेवकरामनं मला सरळ केलं आणि काठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं. माघ सरता सरता एका सकाळी मी ती आरोळी ऐकली. एकानं सुरुवात केली, दुसऱ्यानं पुरी केली. सारस आले होते.

रीतानं फोटो काढून आनीबाईंना पाठवला. मैत्रिणी परतल्या होत्या, पण बाई अजून जंगलांतच फिरत होत्या; विमान नागपूरहून होतं, हाती थोडे दिवस होते. टॅक्सी कुणाची घेऊ, असं त्यांनी विचारलं. रीतानं एक नंबर दिला. नंबर कुणाचा, ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी पाळीवर गाडी थांबली. दार उघडून गजेंद्र उतरला. बाई त्याला पाहून हसत होत्या, तो मात्र कुणाकडे पाहत नव्हता, तो चिखल पाहत होता. मग त्यानं बूट काढले, माझ्यातला बांबू उचलला आणि बाईंना बसवून मला स्वतः लोटलं. बाई त्यांच्या जागी उतरल्या, गुडघे टेकून बसल्या. आणि पुन्हा रडल्या, तो त्यांचा स्वभावच आहे.

परत काठाला लागलो तेव्हा पाटील उभे होते.

"लाल होडी इकून टाकतो, बाबा," गजेंद्र खाली पाहून म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. पावसाळ्यात गावचे पोट्टे बसतीन." पाटलांनी गाडीकडे पाहिलं. "बाईचं विमान परवा आहे ना? तू कवा जातं?"

गजेंद्रनं गाडीची डिक्की उघडली. बाईंच्या सामानाशेजारी त्याची बॅग होती, जानेवारीत भरून नेलेली तीच. त्याला कुणी आणायला सांगितली नव्हती. रीतानं ती उचलली आणि घराकडे चालू लागली, एकदाही मागे न पाहता.

तेव्हापासून मी पाण्यातच आहे. मित्रांनो, तुमच्या गावी कुणी दुरून आलं तर किती आले ते मोजत बसू नका, कुठं रमले ते पाहा, आणि ती जागा बुडू देऊ नका. आणि कुठल्या काठावर माझ्यासारखं जुनं लाकूड पालथं पडलेलं दिसलं, तर सरपणाला नेण्याआधी थोडे दिवस पाण्यात ठेवून बघा. भेगा मिटतात हो. माझ्या मिटल्या.