कोऱ्या काड्या

द्राक्षमळ्यांच्या सहलीला लोक हौसेने जातात. बसमध्ये चढले की हसायला लागतात, आणि दुसऱ्या मळ्यानंतर आपण कशाला हसतोय हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. अशाच एका बसमध्ये मागच्या बाकावर एक नवराबायको बसली होती. नवरा जन्मभर बोटीवर आचारी होता आणि बायकोने जन्मभर घरी त्याची वाट पाहिली होती. तिने वाइनचा थेंबही कधी चाखला नव्हता. त्याने ती आयुष्यभर वापरली, पण रश्शात घालायला.

खरं तर ती दोघं सहलीला आलीच नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा याच भागात द्राक्षं खुडायच्या कामावर आला होता आणि गेल्या हंगामात एका मळ्याच्या तळघरात मरण पावला. घरी शवपेटी आली, सामानाची पिशवी आली आणि 'अपघात' एवढा एक शब्द आला. मळ्याच्या मालकाला फोन केला तर तो म्हणाला, फार वाईट झालं, पण आता येऊन काय करणार? आई-बापाला न उघडणारं दार गिऱ्हाइकाला उघडतं, एवढी अक्कल आचाऱ्याला बोटीवर आली होती. सहलीचा शेवटचा मुक्काम तोच मळा आहे हे पाहून त्याने तिकिटं काढली.

"मला बाकी काही नको," निघताना बायको म्हणाली होती. "तो कसा गेला, ते तिथे उभं राहून ऐकायचंय. मला त्यांची भाषा येत नाही, तुम्हाला येते. ते सांगतील ते जसंच्या तसं मला सांगायचं. मधलं काही गाळायचं नाही."

"नाही गाळणार."

"माझी शपथ घ्या."

त्याने घेतली. शपथ घेताना माणसाला वाटतं, सत्य काय, असून असून किती कडू असणार!

बस मळ्यांमागून मळे दाखवत चालली. वाटाड्याची जीभ एका जागी ठरत नव्हती. इथले लोक वेलीच्या रांगेच्या टोकाला गुलाब लावतात, कारण कीड आधी गुलाबाला लागते. पेले साबणाने धूत नाहीत, नुसत्या कढत पाण्याने धुतात. वाइन तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. "पैसे देऊन थुंकायचं!" वाटाड्या म्हणाला आणि बस खदखदून हसली. आचारी बायकोला सगळं जसंच्या तसं सांगत होता. ती रांगांकडे पाहत होती. गुडघाभर मातीत वाकलेली पोरं दिसली की मान वळवून, दिसेनाशी होईपर्यंत पाहायची.

तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये एक काडेपेटी होती. मुलगा निघाला तेव्हा तिनेच ती त्याच्या खिशात घातली होती आणि सामानाच्या पिशवीतून ती परत आली होती. घरी वीज सारखी जायची. मुलगा मेणबत्तीपाशी अभ्यासाला बसायचा, खिडकीतून वारा आला की मेणबत्ती विझायची आणि हा गाढव अंधारात तसाच बसून राहायचा. "विझली म्हणून हातावर हात धरून बसायचं नाही, पुन्हा लावायची," ती स्वयंपाकघरातून ओरडायची. "आणि जळकी काडी फरशीवर टाकायची नाही, पेटीत ठेवायची." दोन्ही गोष्टी त्याच्या अंगवळणी पडल्या होत्या.

तिने काडेपेटी उघडून नवऱ्यापुढे धरली. तिचा हा चाळाच झाला होता.

"हे बघा ना. डोकी जळालीत, पण काड्या कोऱ्याच. एखादी असती तर समजलं असतं. एवढ्या सगळ्या?"

"ओल लागली असेल."

"तुम्ही दर वेळी हेच म्हणता."

शेवटच्या मळ्यात पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तळघरात उतरणाऱ्या दगडी जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारा कामगार पेटती मेणबत्ती घेऊन उभा होता. खाली टाक्यांमध्ये रस आंबत होता, त्याचा बुडबुड आवाज वर ऐकू येत होता. रस आंबताना त्यातून वायू सुटतो, म्हातारा सांगू लागला. तो डोळ्यांना दिसत नाही, जड असतो, तळाशी पाण्यासारखा साचतो. म्हणून खाली जाणारा मेणबत्ती गुडघ्याशी धरून उतरतो. ती विझली की उलट्या पावली वर यायचं.

"आणि आपली बायको खाली असली तर?" कुणीतरी विचारलं. पुन्हा हशा पिकला. लोक वाइन चाखायला बाहेर गेले.

ती दोघं मागे राहिली.

"गेल्या हंगामात इथे एक मुलगा गेला," आचारी म्हणाला.

म्हाताऱ्याने मेणबत्ती खाली ठेवली. "तुम्ही कोण?"

"बाप. ही आई."

म्हातारा सावकाश सांगू लागला, आणि आचारी एकेक वाक्य बायकोला देत गेला. पोरगा कामसू होता. गाणं म्हणायचा, सूर मात्र बेताचाच. त्या दिवशी मीच त्याला खाली पाहून ये म्हणालो. मेणबत्तीचं त्याला सांगितलं होतं. विझली की परत फिर, हे मात्र मी म्हटलं नाही. आमच्या इथे ते कुणाला सांगावंच लागत नाही, पोरं ते बघत बघतच मोठी होतात. बायको भिंतीला हात लावून ऐकत होती.

"आम्ही गेलो तेव्हा तो शेवटच्या पायऱ्यांवर बसलेला होता," म्हातारा म्हणाला. "एका हातात मेणबत्ती, एका हातात काडेपेटी. तो ती पुन्हा लावत बसला होता हो. मेणबत्ती विझते त्या हवेत काडीही धरत नाही, नुसतं डोकं भसकन जळतं. एवढ्या काड्या ओढल्या आणि एकही खाली टाकली नाही. असं का केलं असेल त्याने? मला अजून कळलेलं नाही."

आचाऱ्याला कळलं.

"काय म्हणतो?" बायकोने विचारलं.

"म्हणतो... वायू होता. झोप लागल्यासारखं झालं असेल. त्रास नाही झाला."

"एवढंच? तो तर किती वेळ बोलत होता."

"त्याची बोली जरा जड आहे."

बायको जिना उतरू लागली, तसा म्हाताऱ्याने हात आडवा धरला. मग तिने पहिल्याच पायरीला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि बाहेर आली. "बरं झालं," ती म्हणाली. "झोपेत गेला म्हणजे बरं झालं." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच धड श्वास घेत होती. शपथ मोडल्याचं आचाऱ्याला काडीचंही वाईट वाटलं नाही. अशा दहा शपथा त्याने मोडल्या असत्या.

संध्याकाळी मळ्याच्या अंगणात जेवणाची टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर एक मेणबत्ती. बायको चार घास जेवली, पावाचा तुकडा त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "तुमच्या हातचा यापेक्षा बरा असतो." तेवढ्यात वारा आला आणि त्यांची मेणबत्ती विझली. तिने सवयीने पर्स उघडली, काडेपेटी काढली, एक अख्खी काडी निवडली.

"राहू दे!" आचारी ओरडला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. "विझली तर विझू दे ना ती! दर वेळी लावायलाच हवी का?"

काडी हातात तशीच राहिली. तिने मेणबत्तीकडे पाहिलं, मग पेटीतल्या काळ्या डोक्यांच्या कोऱ्या काड्यांकडे, मग नवऱ्याकडे.

"पुन्हा लावत बसला होता?" तिने विचारलं.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण तळघराच्या तोंडाशी जे जमलं होतं ते तिच्या डोळ्यांत बघून जमलं नाही.

"मीच..." ती म्हणाली. त्याने टेबलावरून तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, काडी इतर काड्यांशेजारी नीट ठेवली आणि पेटी बंद केली.

वाढप्या लगबगीने आला. त्यांच्या टेबलावर अंधार पाहून ओशाळून हसला, खिशातून लायटर काढला आणि मेणबत्ती पुन्हा लावली. उघड्यावर हवा चांगली होती. ती लगेच पेटली.