नांगरलेल्या जहाजावरचा फोन

दुपारी साडेतीनच्या सुमाराला तेजश्री हातातलं काम टाकून बोअरच्या कट्ट्यावर जाऊन उभी राहायची. निमोण्यातल्या त्यांच्या मळ्यात नेट धड मिळायचं ते तेवढ्या एकाच जागी. शेवंतीची तोडणी चालू असली तर ओटीतली फुलं तशीच घेऊन ती जायची आणि फोनकडे बघत राहायची. तिचा नवरा विश्वजीत एका परक्या देशाच्या बंदराबाहेर नांगर टाकलेल्या जहाजावर होता. चौदा महिने झाले, ते जहाज जागचं हललं नव्हतं.

विश्वजीत पाबळला वेल्डिंग शिकला. तीन वर्षं रांजणगावला कारखान्यात कंत्राटी राहिला. कायम व्हायची चिन्हं दिसेनात, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला. करार नऊ महिन्यांचा होता. तेजश्री दौंडची, तिचे वडील रेल्वेत. जावई बाहेर जाणार याचं त्यांना काही वाटलं नाही. "फिरतीची नोकरी हाय. सवय हुती," एवढंच म्हणाले. तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते.

सहा महिने बरे गेले. मग जहाजाच्या मालकानं फोन उचलणं बंद केलं आणि थकलेल्या पैशांपायी बंदरानं जहाज अडकवून ठेवलं. कप्तान आजारपणाचं कारण काढून घरी गेला, पाठोपाठ बाकीचे गेले. पण जहाज रिकामं सोडता येत नाही, राखणीला कुणीतरी लागतंच, असा तिथला कायदा. एक दिवस कोर्टाचा माणूस होडीतनं आला आणि त्यानं एक कागद पुढं केला. भाषा कळत नव्हती. सुटकेचा असेल म्हणून विश्वजीतनं सही केली. तो त्याला जहाजाचा राखणदार नेमल्याचा कागद होता. पासपोर्ट बंदराच्या कचेरीत जमा झाला. जहाजावर तो आणि चटगावचा एक म्हातारा स्वयंपाकी, दोघंच उरले. म्हाताऱ्याला तो चाचा म्हणायचा.

पाणी घेऊन येणाऱ्या होडीवाल्यानं त्यांना तिथलं एक सिम आणून दिलं होतं. जहाज नांगराभोवती फिरायचं. दुपारच्या वाऱ्यानं त्याचं मागचं टोक किनाऱ्याकडे वळलं की तिथं उभं राहून जरा नेट मिळायचं. साधा फोन परवडण्यातला नव्हता, सगळं बोलणं नेटवरच. आवाज पोचायला दोन सेकंद लागायचे. सुरुवातीला दोघं एकाच वेळी बोलायचे, एकाच वेळी गप्प व्हायचे आणि चिडायचे. मग विश्वजीतनंच सांगितलं, बोलून झालं की 'झालं' म्हणायचं.

"जेवला का? झालं."

"भात खाल्ला. चाचानं मासा धरलाय. आई कशीय? झालं."

"बऱ्या हायेत. गुडघं दुखत्यात. आवं, तोंड दावा की एकदा. झालं."

"व्हिडिओला नेट पुरत न्हाई, तेजू."

हे उत्तर ठरलेलं. तो झालं म्हणायचा नाही, म्हणजे तो विषय तिथंच संपायचा.

सासरे मारुतराव पुण्याला गेले, तिथनं मुंबईला जहाजांच्या सरकारी कार्यालयात तीनदा गेले. साहेबानं बसायला खुर्ची दिली, चहा दिला, फाईल काढून दाखवली. "आबा, आपण पत्र पाठवलंय. पण हा दुसऱ्या देशाच्या कोर्टाचा विषय आहे. जहाजाचा लिलाव होईपर्यंत त्यांना माणूस ठेवावाच लागतो."

"मग त्यांचा ठेवा की. माझाच का?"

साहेबानं फाईल मिटली. तिसऱ्या खेपेनंतर मारुतराव गेले नाहीत. दाराशी कुणी विश्वजीतचं विचारलं तर ते उठून विहिरीकडे निघून जायचे.

पाडव्याच्या दिवशी सासूबाई झुंबरबाई हट्टाला पेटल्या. त्यांनी पुरणपोळीचं ताट वाढून बाजूला ठेवलं होतं. "आज मला लेकाचं तोंड बघायचंय. आवाज न्हाई, तोंड," म्हणाल्या आणि गुडघे धरत तेजश्रीच्या मागोमाग बोअरपर्यंत चालत आल्या. त्या दिवशी नेट कधी नव्हे इतकं चांगलं होतं. तेजश्री म्हणाली, "आई हितं उभ्या हायेत. सणाचं न्हाई म्हणू नका." मग पडद्यावर चेहरा उमटला.

गालफडं बसलेली. दाढी छातीपर्यंत, अर्धी पांढरी. पुढचे दोन दात नव्हते. कातडी उन्हानं जळून काळी पडलेली. बत्तीस वर्षांचा माणूस साठीचा दिसत होता. तेजश्रीला डोळ्यांवरून कळलं, पण झुंबरबाईंनी फोन जवळ घेतला, लांब धरला आणि म्हणाल्या, "आगं, ह्यो कुणाला लागला फोन? ह्यो कोण बाबा?"

शब्द तिकडं पोचायला दोन सेकंद होते. तेवढा वेळ विश्वजीत पडद्यावर हसत होता. आई दिसली म्हणून हसत होता. तेजश्रीनं घाईनं फोन ओढला, पण आवाज तर निघून गेला होता. तो पोचलेला तिनं बघितला. हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं. मग पडदा काळा झाला.

"आत्या, आवं विशू हायेत ते."

"माझा विशू?" झुंबरबाईंनी दोनदा विचारलं. घरी येऊन वाढलेलं ताट त्यांनी गाईपुढं ठेवलं आणि दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत.

पुढचे बारा दिवस फोन आला नाही. आला तेव्हा विश्वजीत त्या दिवसाचं काही बोलला नाही. चाचाच्या सुटकेचे कागद आले होते. होडीत बसताना चाचा रडला आणि आपली चटई विश्वजीतला देऊन गेला. आता जहाजावर तो एकटा होता. डिझेल संपलं होतं. होडीवाला पाणी आणायचा तेव्हा फोन किनाऱ्यावर नेऊन चार्ज करून आणायचा, तोही आठवड्यातून दोनदा.

ज्येष्ठात जहाजाचा लिलाव पुकारला. घ्यायला कुणी आलंच नाही. मुंबईहून मारुतरावांना पत्र आलं: पुढची तारीख अकरा महिन्यांनी. त्यांनी ते वाचून सुनेच्या हातात दिलं. "तूच सांग त्याला. माझ्यानं न्हाई व्हायचं."

तेजश्रीनं कट्ट्यावर उभं राहून सांगितलं, सगळं, एका दमात. दोन सेकंद गेले. पाण्याचा आवाज येत होता.

"बरं," विश्वजीत म्हणाला.

"काहीतरी बोला की."

"तेजू, आता सारखा फोन नको. म्हैन्यातनं एकदा करीन."

"का? माझं काय चुकलं का?"

"तसं न्हाई. तुझा आवाज आला की मी घरी येतो बघ. मळ्यात येतो, आईपाशी बसतो. फोन ठेवला की परत हितं यावं लागतं. दर खेपंला नव्यानं जहाजावर चढायचं. आता न्हाई चढवत मला."

तिला म्हणायचं होतं की मग मी काय करू. ती म्हणाली, "बरं."

"दौंडला जाऊन ऱ्हा थोडं दिवस. न्हाईतर... तुझ्या बापाला दुसरं घर बघायचं असंल तर बघू दे. मी काय म्हणणार न्हाई."

"असलं बोलायचं न्हाई," ती म्हणाली. तोवर तिकडून आवाज तुटला होता. तिचं बोलणं पोचलं की नाही ते तिला कळलं नाही. तिनं परत लावला नाही. त्यानं सांगितलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती कट्ट्याकडे गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, रिकाम्या फोनकडे बघून परत सरीत येऊन बसली आणि खुरपायला लागली. शेजारच्या सरीतून झुंबरबाईंनी मान वर केली.

"आला का गं?"

"आल्ता," तेजश्री म्हणाली.

"काय म्हणला?"

"जेवलोय म्हणले. बरं हाय म्हणले."

झुंबरबाईंचा हात खुरप्यावर तसाच थांबला. विचारावं की नको, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग हळूच म्हणाल्या, "माझं काय इचारलं का?"

"पयलं तुमचंच इचारलं, आत्या."

झुंबरबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या पुढच्या वाफ्याकडे सरकल्या. तेजश्री मान खाली घालून खुरपत राहिली.