निवडक पाच

माझ्या नवऱ्याने, कीरनने, मला नऊ वर्षं मारलं. मी वेगळी झाले, तर आता त्याला आमच्या मुलीला, टिलीला, दर शनिवार-रविवार एकट्याने घेऊन जायचं होतं. मी नको म्हणाले, म्हणून कोर्टाने मला एक छापील तक्ता दिला. त्यात ओळी पाच. एका ओळीत मारहाणीचा एक प्रसंग, तारखेसकट.

“पाचच?” मी माझ्या वकीलबाईंना, मिसेस प्रिचर्डना विचारलं.

“अगं, जज्जसाहेबांना वेळ कुठे असतो? चांगले चांगले निवड.”

घ्या! चांगले चांगले! लग्नाच्या अल्बमसाठी फोटो निवडावेत तशी मी निवडत बसले. रविवारच्या जेवणात त्याने उकळती ग्रेव्ही माझ्या हातावर ओतली होती. ती घेतली, कारण डॉक्टरांचा कागद होता. जिन्यावरून ढकललं, तेही घेतलं. गळा दाबला, ते मात्र गाळलं, कारण मला मेलीला तारीख आठवेना. गुदमरताना कॅलेंडर बघायचं राहूनच गेलं.

सुनावणीला कीरन कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. जज्जसाहेबांनी तक्ता वाचला, पाचही प्रसंग खरे मानले आणि चष्मा काढून माझ्याकडे मोठ्या मायेने बघितलं.

“मुलगी येत्या शनिवारपासून वडिलांकडे जाईल. झालं ते वाईटच, बाई. पण नऊ वर्षांत पाचच वेळा! याला काही सवय म्हणता येणार नाही.”