धानाच्या काट्यावर माणसं

मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. आंधळगावच्या एका राइस मिलमध्ये, दाराच्या डाव्या अंगाला मी उभा असतो. खाली चौकोनी पाट, वर पितळेची दांडी आणि दांडीवर मागेपुढे सरकणारं एक वजन, एवढंच माझं शरीर.

मित्रांनो, धानाचं पोतं उचललं की पाट रिकामा होतो, असं तुम्हाला वाटतं. पण काही ओझी उतरत नाहीत. मिल बंद असते, कोंडा खाली बसलेला असतो आणि माझी दांडी आपोआप थरथरते. हमाल कवडू म्हणतो, वारा आहे. मला मात्र माझ्यावर एका मुलीची पावलं जाणवतात.

मला एका कारखान्यात ओतलं, घासलं, तपासलं. मालगाडीने मी तुमसरला आलो आणि तिथून बैलगाडीने इथे. माझ्यापुढे आयुष्यभर धान आलं. इकडे धान कट्ट्यात मोजतात. एक कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. माझा आकडा बरोबर, म्हणून लोक लांबून यायचे. मालक हातातल्या फडक्याने माझी दांडी पुसायचे. तो माझा मानाचा काळ होता.

या मिलची एक रीत होती. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे इकडची जत्रा, भरली, की त्या दिवशी मशीन बंद ठेवायचे आणि पाहुण्यांसकट सारी पोरं माझ्यावर चढायची. कवडू वजन मोठ्याने ओरडून सांगायचा, तेही धानासारखं कट्ट्यात. जुन्या काळी पोर जड भरलं, की आई खूश व्हायची. हडकुळं भरलं, की आज्या हळहळायच्या. हसणं व्हायचं, चिवडा वाटला जायचा, आणि सगळे विसरून जायचे.

एका मंडईला मिल चालवणाऱ्या मनिषची मुलगी तृप्ती माझ्यावर चढली. सातवीतली, गोल चेहऱ्याची, बोलकी पोर. कवडूने वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं आणि ओरडला, "पावणेदोन कट्टे!"

कोणीतरी म्हणालं, "मनिषभाऊ, एवढ्या मालाले गाडी लागन."

सारे हसले. मनिषही हसला. तृप्तीसुद्धा हसली, पण तिच्या पायांची बोटं माझ्या पाटावर आवळली गेली होती. ते फक्त मला कळलं.

आकडा खरा होता, मित्रांनो. पण दुसऱ्या दिवसापासून 'पावणेदोन कट्टे' हेच तिचं नाव झालं. दारावरून जाणारी पोरं तिला त्याच नावाने हाका मारत. ती पोरं निघून गेली, तरी तो शब्द मिलमध्ये कोंड्यासारखा तरंगत राही.

मग ती दुपारी एकटी येऊ लागली. मशीनच्या आवाजात चोरपावलांनी चढायची, स्वतःच वजन सरकवायची, आकडा पाहायची आणि उतरायची. जेवणाचा डबा मिलमागच्या कोंबड्यांना टाकायची. पाणीसुद्धा वजन केल्यावरच प्यायची. तिची पावलं हलकी होत गेली. माझ्यावर उभं राहूनच कोणी थोडं थोडं निघून जात आहे, असं मला वाटायचं. घरात मात्र कौतुक होत होतं, की पोरगी कशी उतरली. आजी बेबीबाईंनी एकदा विचारलं, "काहून वो, तोंड असं काहून सुकलं तुहं?" ती म्हणाली, अभ्यास आहे.

एका दुपारी वजन सरकवता सरकवता तिचा हात सुटला. ती कोसळली आणि दांडी खण्णकन खाली आपटली. मनिष धावत आला. रोज कट्टे उचलणारा माणूस तो. पोरीला उचलताना तो जागीच थबकला.

"कवडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "कसी हलकी झाली पोरगी. मले दिसलंच नाही."

दवाखान्यातून ती परत आली. नंतर तिथल्या भावना सिस्टर तिच्या चौकशीला मिलमध्ये आल्या. मला पाहून त्यांनी मनिषला आणि कवडूला बसवून समजावलं. तृप्तीचं वजन जास्त होतं, हे खरं. लठ्ठपणाने पुढे साखर, रक्तदाब, गुडघे यांचा त्रास होऊ शकतो, हेही खरं. पण नुसत्या किलोंवरून लठ्ठपणा ठरत नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं; येणारा आकडा मोठ्या माणसांसाठी उपयोगी. मुलांचा आकडा मात्र वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावर ताडायचा. कमरेचा घेरही पाहायचा. जाडी म्हणजे आळस नव्हे. खाणं, खेळ, झोप, घराण्याची ठेवण, कधी एखादं दुखणं, सारं त्यात असतं. आणि उपाशी राहणं हा उपाय नव्हेच.

"काट्यावर उभं करा," शेवटी त्या म्हणाल्या, "पण लेकराले लेकरासारखं तोला, धानासारखं नाही."

कवडूने मान खाली घातली.

पुढच्या मंडईला शेजारची छोटी गुड्डी हट्टाने माझ्यावर चढली. कवडू पुढे झाला नाही. तृप्ती दारातून आली. तिने वजन सरकवलं, वाकून गुड्डीच्या कानात किलोतला आकडा सांगितला आणि वजन पुन्हा शून्यावर आणलं.

"किती कट्टे, ताई?" गुड्डीने विचारलं.

"तू का धान होय?" तृप्ती म्हणाली.

कोणी हसलं नाही.

तृप्ती आता नीट जेवते, संध्याकाळी सायकलने तलावापर्यंत जाते. तिचं वजन दवाखान्यात, पडद्याआड होतं. माझ्याजवळून जाताना ती अजूनही पाटाला वळसा घालते.

मित्रांनो, माझ्यासारख्या काट्याला फक्त ओझं कळतं. माणूस तुम्हाला कळायला हवा. कोणाचा आकडा तुमच्या कानी पडलाच, तर तो तिथेच ठेवा. तृप्ती वळसा घालून जाते, तेव्हा माझा पाट रिकामा असतो आणि दांडी थरथरत असते. त्या वेळी वारा नसतो.