शिळं पाणी

पाणी तुम्ही चोरलंत, खुर्चीवरच्या साहेबांनो. 'शहराला पिण्यासाठी' असा कागद डकवलात आणि ऐन फुलोऱ्यात कालव्याचं दार बंद केलंत. थोरलीचे टोमॅटो तेव्हा फुलावर होते. पाण्याची एक पाळी, फक्त एक, मिळाली तरी पीक हाती लागणार होतं. त्या एका पाळीसाठी ती अर्ज घेऊन शहरात आली आणि कचेरी उघडेपर्यंत धाकट्या बहिणीच्या घरी टेकली.

तिथंच तिच्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोला? धाकटीच्या टाचा लोण्यासारख्या. हिच्या टाचांच्या भेगांत दाणा टाकला तर उगवायचा. लहानपणी दोघी एकाच विहिरीवर जायच्या आणि धाकटी निम्मी घागर वाटेतच सांडायची. त्या सांडणारीच्या नशिबी घरात सात नळ!

"ताई, तुझं बरं बाई," धाकटी म्हणाली. "अख्खा कालवा दारात. आम्हाला दिवसातून एक तास पाणी. मला तर तुझा हेवा वाटतो."

"कालवा आहे खरा. सध्या त्यात कुत्री झोपतात. चल, अदलाबदल करू."

तेवढ्यात नळ फुसफुसला. धाकटी धावली आणि काल भरलेली दोन पिंपं तिनं मोरीत भडाभडा ओतली.

"अगं भवाने, हे काय केलंस?"

"शिळं होतं ते. ताजं आलं ना! सगळेच ओततात."

खरंच ओतत होते. वर, खाली, शेजारी, साऱ्या इमारतीच्या मोऱ्या गुरगुरत होत्या.

"मग इतकं भरतेस कशाला?"

"आणि उद्या आलंच नाही तर? त्या साहेबांचा काय नेम?"

बहिणीचं राहिलं बाजूला, थोरलीला त्या मोरीचा हेवा वाटला. मोरीला रोज पाळी मिळत होती.

अकरा वाजता ती कचेरीत उभी राहिली. साहेबांनी अर्ज न वाचताच परत सरकवला.

"शहरालाच पुरत नाही, बाई. तुम्हाला कुठून देऊ?"

"धरणात पाणी सहा-सहा महिने पडून असतं, साहेब, तरी तुम्ही ते ताजं म्हणून पाठवता. माझ्या बहिणीच्या पिंपात ते एका रात्रीत शिळं कसं होतं? एक तासाचा नळ देऊन तिला भ्यायला कुणी लावलं? अर्ज राहू दे तिथंच. मी हलणार नाही. आधी याचं उत्तर द्या."