रिसुकेच्या खाचा

कुनितोमो गावात बंदुकीची नळी घडवावी ती तोकुएमोननंच, असं बिवा सरोवराच्या दोन्ही काठांवर मानत. तापल्या लोखंडाची पट्टी गजाभोवती गुंडाळून तो अशी सांधायचा, की सांधा शोधूनही सापडू नये. आतून नळी काचेसारखी गुळगुळीत. तीस वर्षं हीच त्याची मिजास होती.

पण परक्यांची काळी जहाजं किनाऱ्याला लागली तेव्हापासून सरदारांना जळत्या वातीनं उडणाऱ्या जुन्या तोड्याच्या बंदुका पुरेनात. त्यातच रिसुके नागासाकीहून परतला. हा तोकुएमोनच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला, त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान. येताना नळी आवळून आतून कोरायचा एक लांबलचक लाकडी बाक आणि नवी विद्या घेऊन आला. नळीच्या आत पिळदार खाचा पाडल्या की गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते आणि भरकटत नाही, असं तो सांगे. सरदारांच्या कारभाऱ्यानं परीक्षा घेतली. तोकुएमोनच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांपलीकडं मनाला येईल तिकडं जायची. रिसुकेच्या बंदुकीनं तीनशे पावलांवरची फळी दहापैकी आठ वेळा फोडली. हुकूम निघाला: तोकुएमोनच्या घरातल्या वीस नळ्या रिसुकेला द्याव्यात, त्यानं त्यांत खाचा पाडाव्यात.

तोकुएमोनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यातून त्याची बायको ओताकी जेवताना सहज बोलून गेली, की रिसुकेनं तो बाक म्हणे स्वतःच्या हातानं तासलाय.

"तूही बघून आलीस तर," तो म्हणाला.

"अहो, वाटेवरच आहे त्याची पडवी. डोळे मिटून जाऊ का?"

त्यानं भाताची वाटी तशीच सरकवली.

नळ्या बांधायला माळ्यावर चढला, तेव्हा त्याच्या हाती एक जुनी नळी लागली. बुडाकडचा तिचा सांधा नीट धरला नव्हता. मोडीतच घालायची, म्हणून बाजूला ठेवलेली. खाचा पाडल्या की ती आणखी पातळ होणार, वर परीक्षेला दुप्पट दारूचा बार. पहिला बार काढायचा तो नळीवर शेवटचा हात फिरवणाऱ्यानं, असा रिवाज; म्हणजे आता रिसुकेनं. रिसुकेची चारचौघांत फजिती होईल, एवढंच तोकुएमोननं मनाशी म्हटलं. नळी फुटली की हात जातो, डोळा जातो, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. एकोणीस चांगल्या नळ्यांत त्यानं ती विसावी बांधली.

परीक्षेच्या दिवशी कापणी झालेल्या भातखाचरात सारं गाव जमलं. दस्त्यावर चढवल्यावर सगळ्या नळ्या सारख्याच दिसत होत्या. रिसुके एकेक बंदूक खांद्याला लावी, आणि दर वेळी 'थांब' हा शब्द तोकुएमोनच्या जिभेवर येई. तो त्यानं गिळला, दर वेळी.

एकोणीस बार झाले. विसावी कुठं, असं कारभाऱ्यानं विचारलं. रिसुके कमरेत वाकून म्हणाला, की माझा हात चुकला, एक नळी मी बिघडवली. कारभाऱ्यानं त्याला सगळ्यांदेखत फाडफाड बोलून घेतलं. रिसुकेनं मान वर केली नाही.

त्याच दुपारी तोकुएमोन त्याच्या पडवीत गेला. ती नळी कोपऱ्यात उभी होती.

"खाच पाडताना हत्यार अडकलं, दादा," रिसुके म्हणाला. "बुडाचा सांधा सुटलाय."

"मग तसं सांगायचं ना."

"तुमचा सांधा सुटला, असं मी कारभाऱ्याला सांगू? तुमच्या वडिलांनी दहा वर्षं मला भात घातलाय. त्या थंडीत तुम्ही तापानं फणफणला होतात, तेव्हाची असेल ती."

तोकुएमोनला होय म्हणून सुटता आलं असतं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "ठाऊक असून बांधली."

रिसुके हलक्या आवाजात म्हणाला, "आणि आज समोर उभे होतात तुम्ही."

"होतो."

"घरी जा, दादा."

त्यानंतर दीड वर्ष रिसुके त्याच्याशी बोलला नाही. पण ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितलीही नाही. पुढं नव्या, जाड नळ्यांची मागणी आली, आणि खाचांचा जोर सोसतील अशा नळ्या तोकुएमोनशिवाय कुणाला जमेनात. तो घडवी, रिसुके खाचा पाडी. मधली ने-आण ओताकी करी.

तोकुएमोनचा मत्सर मात्र गेला नाही. उलट त्याला दुसरा फाटा फुटला. आधी त्याला रिसुकेचा हात खुपत होता, आता त्याचं मनही खुपू लागलं. आपल्याला कुणी असं फसवलं असतं तर आपण गावभर बोंब मारली असती, हे तो पुरतं जाणून होता.

दुसऱ्या वसंतात रिसुके स्वतःच दारात आला. बुडाकडं लोखंड थोडं जास्त हवं, एवढंच बोलला आणि खाचा पाडलेली एक नळी नमुन्याला ठेवून गेला. तो वळणाआड होताच तोकुएमोननं ती उचलून उजेडाकडं धरली. आतल्या खाचा एकसारख्या वळत टोकापर्यंत गेल्या होत्या. कुठं चूक सापडते का, ते तो भट्टी विझेपर्यंत पाहत राहिला. एकही सापडली नाही.